क्लबमध्ये डीजेइंग करायचंय, अगदी शून्यापासून – सुरुवात कशी करावी? (पुणे)

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वय २३, पुण्यात नोकरी. क्लबमध्ये डीजे म्हणून वाजवायला शिकायचं आहे. लग्न-वरात किंवा मिरवणुकीचं काम डोक्यात नाही, कोरेगाव पार्क-बाणेरकडच्या क्लबांत हाउस (सरळ ठोक्याचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) आणि थोडं हिंदी असा सेट वाजवता यावा एवढीच इच्छा. तबल्याच्या दोन परीक्षा झाल्यात, त्यामुळे लय कळते. डीजेच्या यंत्रांचं ज्ञान शून्य.

विचारायचं ते असं:
- ५० हजारांच्या आत काय घ्यावं? घरी विंडोज लॅपटॉप आहे.
- क्लास लावावा की घरीच शिकता येतं?
- सिंक बटण (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं) वापरलं तर चालतं का? कुणी म्हणतं पाप आहे, कुणी म्हणतं सगळेच वापरतात.
- क्लबमध्ये यंत्रं वेगळी असतात म्हणे. त्यांची सवय कशी करायची?

---

मिक्सरकाका

यंत्राचा प्रश्न लवकर उरकतो. पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ कंट्रोलर घ्या. दोन चॅनेल, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो लाइट या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर चालतो, यूएसबी-सीवरूनच वीज घेतो आणि बटणांची मांडणी क्लबातल्या सीडीजेच्या (गाणी वाजवणारा स्वतंत्र प्लेअर) जवळ जाते. आधीचा डीडीजे-४०० जुन्या बाजारात चांगल्या अवस्थेत मिळाला तरी काम भागेल. घेताना फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर-खाली करून खरखर येते का ते ऐका आणि जॉगच्या (मोठं गोल चाक) वरच्या तबकडीला नुसतं बोट टेकवल्यावर गाणं लगेच थांबतं का ते पाहा. उरलेल्या पैशांतून कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन घ्या. ब्लूटूथ चालत नाहीत, आवाज उशिरा पोचतो आणि काटा, म्हणजे दोन गाण्यांचा ठोक्यावर ठोका, कधीच जुळत नाही. चार डेकचा कंट्रोलर आत्ता घेऊ नका. दोन गाणी नीट जुळायला लागेपर्यंत तिसरं मध्ये आणून काही हाती लागत नाही.

तुमचा तबला इथे मोठा कामाला येणार आहे. हाउसची गाणी ४ मात्रांच्या बारमध्ये आणि ८ बारच्या वाक्यात, म्हणजे ३२ मात्रांत बांधलेली असतात. तीनतालाची दोन आवर्तनं समजा. नवं तालवाद्य, नवी बेसलाइन, ब्रेकडाउन (ठोका थांबतो ती जागा), ड्रॉप (ठोका दणक्यात परततो ती जागा), जवळपास सगळं या ३२ च्या समेवर येतं. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) ३२ मात्रा म्हणजे साधारण साडेपंधरा सेकंद. नवशिक्याचं मिक्स कानाला खुपतं ते बहुतेक वेळा काटा सुटल्यामुळे नाही, दुसरं गाणं वाक्याच्या मध्येच सुरू केल्यामुळे. तेव्हा पहिले काही दिवस कंट्रोलरला हातही न लावता नुसती गाणी ऐका, बोटांवर मात्रा मोजा आणि समेच्या आधीच्या बारमध्ये ड्रमचा छोटा फिल येतो तो हेरायला शिका. हे अंगात भिनलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

मग सराव. एकाच शैलीची, १२२ ते १२६ मधली १५-२० गाणी घ्या. पाचशे नकोत. ती इतकी पाठ करा की ब्रेकडाउन कुठे येतो आणि गायकी कधी सुरू होते हे स्क्रीनकडे न बघता सांगता आलं पाहिजे. आता एक गाणं वाजतं ठेवा आणि दुसरं हेडफोनमध्ये घ्या. दुसऱ्याचा क्यू (गाणं सुरू करायची खूण) पहिल्या किकवर (बेस ड्रमचा ठोका) लावा, पहिल्याच्या समेवर प्ले दाबा. वेग जुळला नसेल तर किक आधी किंवा मागे सरकत जाईल. कुठलं गाणं पुढे पळतंय ते ओळखा, जॉगच्या कडेला बोट लावून ते क्षणभर पुढे-मागे ढकला आणि मग टेम्पो स्लायडर किंचित हलवा. हा क्रम लक्षात ठेवा, ढकलण्याने जागा दुरुस्त होते आणि स्लायडरने वेग. नुसतं ढकलत राहिलात तर काटा पुन्हा पुन्हा सुटेल.

किती बारीक जुळवायचं याचा हिशेब असा. १२४ आणि १२४.१ यांत फरक नगण्य वाटतो, पण एका मिनिटात तो मात्रेचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ४८ मिलिसेकंद होतो. त्याच्या निम्म्यावरच दोन किक वेगळ्या ऐकू यायला लागतात. म्हणजे अर्ध्या मिनिटानंतर पुन्हा कान द्यायलाच हवा.

आता ईक्यू, म्हणजे लो-मिड-हाय कमी-जास्त करणारे नॉब. दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजू द्यायचे नाहीत. दोन किक-बेस एकमेकांवर पडले की कधी फुगतात, कधी एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मोठ्या स्पीकरवर नुसता गढूळ घुमारा उरतो. येणाऱ्या गाण्याचा लो पूर्ण खाली ठेवून फेडर चढवा, १६ बार सोबत चालू द्या आणि समेवर एकाच हालचालीत जुन्याचा लो खाली, नव्याचा वर. ही एकच गोष्ट इतकी घोटा की हाताला विचार करावा लागू नये. इफेक्ट नंतर. फिल्टर आणि इकोच्या मागे लपलेलं मिक्स क्लबातल्या सिस्टीमवर लगेच उघडं पडतं.

ट्रिम (चॅनेलच्या आवाजाची पातळी) लावताना गाण्याचा इंट्रो नाही, सगळ्यात दणकट भाग वाजवून पाहा. इंट्रोवर लावलेली पातळी ड्रॉपला लाल दिव्यात जाते. चॅनेलचे दिवे शून्याच्या आसपास नाचले पाहिजेत, लाल कधीच नाही. मास्टर (बाहेर जाणारा एकूण आवाज) लाल गेला की पुढचा लिमिटर आवाज दाबतो, गाणं चपटं होतं, आणि डीजेला वाटतं आवाज कमी पडतोय म्हणून तो आणखी वाढवतो.

प्रत्येक सराव रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना कान कामात असतात, चुका दिसत नाहीत.

---

रात्रराणी_मुंबई

काकांशी सहमत, सिंकबद्दल माझं थोडं वेगळं मत. सिंक पाप वगैरे काही नाही, पण त्याचा भरवसा बीटग्रिडवर (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या मात्रांच्या खुणा) असतो. ग्रिड अर्ध्या मात्रेने चुकलं असेल तर सिंक ती चूक इमानेइतबारे जुळवून देईल. त्यातून क्लबात दोन प्लेअर नेटवर्क केबलने जोडलेले नसले तर सिंक चालतच नाही. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने बंद ठेवा, स्क्रीनवरचे वेव्हफॉर्मही झाका, जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा चिकटवला तरी पुरे. कान तयार झाला की खुशाल वापरा आणि मोकळा झालेला हात ईक्यूला द्या.

क्लबमधलं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी सीडीजे-२०००एनएक्सएस२ किंवा सीडीजे-३००० आणि मध्ये डीजेएम-९००एनएक्सएस२ किंवा ए९ मिक्सर दिसतो. लहान जागी एक्सडीजे-आरएक्स३ सारखं एकसंध यंत्र. लॅपटॉप न्यायची गरज नसते, पेन ड्राइव्ह पुरतो. आणि नवोदितांची पंचाईत याच पेन ड्राइव्हमुळे होते, म्हणून नीट सांगते.

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस सीडीजे वाचत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ साठी ३२ जीबीची मर्यादा असते, तेव्हा ३२ जीबीचाच घेतलात तर डोकेदुखी नको. ३२० केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी होतं, म्हणजे दोन हजारांवर गाणी आरामात बसतात. मॅकवाल्यांनी स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड निवडायची, जीयूआयडी नाही.

गाणी नुसती कॉपी-पेस्ट करू नका. रेकॉर्डबॉक्सच्या एक्सपोर्ट मोडमध्ये आधी अ‍ॅनालिसिस करा, ग्रिडची पहिली मात्रा तपासा, क्यू लावा आणि मग प्लेलिस्ट ड्राइव्हवर एक्सपोर्ट करा. हा भाग फुकट आहे. नुसत्या कॉपी केलेल्या फाइल वाजतात, पण तुमचे क्यू, ग्रिड, प्लेलिस्ट काहीच येत नाही आणि अंधारात शेकडो नावांतून गाणं शोधत बसावं लागतं. ड्राइव्ह इजेक्ट न करता उपटला तर डेटाबेस खराब होतो. लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं आणि बूथमध्ये प्लेलिस्ट रिकामी.

फाइलचा प्रकारही पाहा. एमपी३ ३२०, एएसी, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्‌झची वॅव किंवा एआयएफएफ कुठेही वाजते. फ्लॅक एनएक्सएस२ पासून पुढे चालतं, त्याआधीच्या सीडीजेवर नाही. प्लेअरवर ई-८३०५ असं दिसलं तर समजा, त्या यंत्राला फाइलचा प्रकार मान्य नाही.

आणि एकाच प्लेलिस्टच्या दोन सारख्या पेन ड्राइव्ह ठेवा, एक बिघडली म्हणून आणि केबल जोडलेली नसली तर दोन प्लेअरमध्ये दोन लावता याव्यात म्हणूनही.

यूट्यूबवरून उतरवलेली गाणी क्लबात नेऊ नका हे कळकळीने सांगते. त्यांच्यात १६ किलोहर्ट्‌झच्या वरचं बहुधा कापलेलं असतं आणि ३२० मध्ये बदलून ते परत येत नाही. हेडफोनवर कळणार नाही, मोठ्या सिस्टीमवर झांज आणि हायहॅट वाळू चाळल्यासारखे ऐकू येतात. स्पेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की आलेखात वरचा भाग सपाट कापलेला दिसतो. हाउस बीटपोर्ट किंवा बँडकॅम्पवर विकत घ्या, हिंदी आयट्यून्स स्टोअरवर मिळतं. स्ट्रीमिंगची गाणी घरच्या सरावाला ठीक, ती नेहमीच्या पद्धतीने पेन ड्राइव्हवर एक्सपोर्ट होत नाहीत.

---

पर्वतीपायथा

दोघांचेही मनापासून आभार. एका मित्राच्या एफएलएक्स४ वर हात साफ करून पाहतोय. हाउस ते हाउस थोडंफार जमतंय. अडतंय ते हिंदी-मराठीत. जुनं हिंदी गाणं लावलं की सुरुवातीला जुळलेला काटा कडव्यापर्यंत सुटतो, स्लायडरला हात न लावता. आणि कोळीगीत हाउसमध्ये आणायला गेलो तर आकडा जुळूनही खडखडाट. शिवाय १०० वरून १२४ वर जायचं कसं?

---

मांडवी_काठ

पणजीहून. तिन्ही प्रश्न योग्य आहेत आणि आपल्याकडच्या डीजेचं खरं शिक्षण इथेच होतं, कारण बाहेरच्या शिकवणीच्या व्हिडिओंत हे येत नाही.

जुनी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, यंत्राच्या ठोक्यावर नाही. मुखड्यात १०२ असेल तर अंतऱ्यात १०४ होतं. रेकॉर्डबॉक्समध्ये अ‍ॅनालिसिसचा प्रकार 'नॉर्मल' असतो, तो एकच वेग धरून चालतो. अशा गाण्यांसाठी 'डायनॅमिक' निवडून पुन्हा अ‍ॅनालाइझ करा, ग्रिड गाण्याबरोबर वाकतं. तरीही ३२-६४ मात्रांचं लांब मिक्स अशा गाण्यांवर करूच नका. सुरुवातीच्या संगीताचा ४ किंवा ८ मात्रांचा स्वच्छ लूप धरा. लूप फिरत असेपर्यंत वेग स्थिर असतो, तेवढ्यात आधीचं गाणं बाहेर काढा आणि मग लूप सोडा. बाहेर पडतानाही तसंच.

कोळीगीताचं तुम्हाला तबल्यामुळे चटकन कळेल. त्याचा ठेका दादरा-खेमट्याच्या अंगाचा आहे. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात, हाउसच्या ठोक्याचे दोन आणि चार. त्यामुळे किकवर किक बसते, पण हाउसचा हायहॅट बरोबर मध्यावर येतो आणि कोळीगीतातला ताशा एक तृतीयांश आणि दोन तृतीयांशावर. तुम्हाला ऐकू येतो तो खडखडाट हाच. उपाय दोन. पहिला, हाउसच्या अशा जागी आणा जिथे नुसती किक आहे, आणि त्याचा हाय पूर्ण खाली ठेवा. दुसरा, मिक्स करायचंच नाही. आधीच्या गाण्याच्या वाक्याच्या शेवटच्या मात्रेवर इको टाका, फेडर बंद, आणि समेवर कोळीगीत थेट ओळीपासून. लोकांना ओळखीची ओळ एकदम ऐकायलाच आवडते.

अशा गाण्यांचा बीपीएम सॉफ्टवेअर अनेकदा दीडपट दाखवतं, १०० चं १५०. दुप्पट-निम्मं करणाऱ्या बटणांनी ते सुटत नाही. ठेक्यावर बोटाने टॅप करून खरा आकडा काढा आणि हाताने टाका, मग ग्रिडची पहिली मात्रा बसवा.

१०० वरून १२४ म्हणजे २४ टक्के, तेवढं गाणं ओढता येत नाही. साधारण ६ टक्क्यांना सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतो. मास्टर टेम्पो लावून सूर धरला तरी ८-१० टक्क्यांनंतर गायकाचा आवाज चिरकायला लागतो. माझी पसंती ब्रेकडाउनला. जिथे ताल थांबून नुसता आवाज आणि पॅड उरतात तिथे गाणं इकोत सोडा आणि १२४ चं गाणं त्याच्या बिनतालाच्या इंट्रोपासून सुरू करा. ठोकाच नसेल तेव्हा वेग बदललेला कुणाला जाणवत नाही. किंवा दोन-तीन गाण्यांत चढत जा, १००, १०६, ११२, ११८. ही चढण हिंदी सेटमध्ये फार छान वाटते, पण त्यासाठी तुमच्याकडे मधल्या वेगाची गाणी वेगळी काढून ठेवलेली हवीत. आमच्याकडे हणजूण-वागातोरच्या सायट्रान्सच्या रात्री १४० च्या आगेमागे चालतात, तिथे हिंदीतून थेट जाण्याचा प्रश्नच येत नाही. तो श्रोता वेगळा आणि रात्रही वेगळी.

---

मिक्सरकाका

+१. कोळीगीताचं उत्तर जपून ठेवण्यासारखं.

क्लासचं राहिलं होतं. फी भरण्याआधी एकच चौकशी करा. प्रत्यक्ष सीडीजेवर तुमच्या एकट्याच्या वाट्याला किती तास येतात? दहा जणांत एक जोडी असेल तर ते पैसे सराव-स्टुडिओचे तास विकत घ्यायला वापरा. घरी कंट्रोलरवर शिकून, पहिल्या गिगआधी निदान चार-पाच तास खऱ्या सीडीजेवर काढा. जॉग मोठा आणि जड आहे, स्लायडर लांब आहे, हाताचा अंदाज पूर्ण बदलतो.

तिथे टेम्पो रेंज आधी तपासा. ±६ वर पायरी ०.०२ टक्क्यांची असते, ±१० आणि ±१६ वर ०.०५, आणि 'वाइड' वर थेट ०.५. आधीच्या माणसाने वाइड ठेवलं असेल तर १२४ ला एक पायरी ०.६ बीपीएमची पडते, आणि तुम्ही कितीही चांगले असलात तरी काटा जुळणार नाही. हाउससाठी ±६ किंवा ±१०.

---

रात्रराणी_मुंबई

बूथमध्ये गेल्यावरचं थोडं. तुमच्या आधीचा डीजे वाजवत असताना १५-२० मिनिटं आधी पोचा आणि त्याला विचारा, कुठला चॅनेल चालू आहे, त्याचा ड्राइव्ह कुठल्या प्लेअरमध्ये आहे. केबल जोडलेली असेल तर वाजणारं गाणं दुसऱ्याच प्लेअरमधल्या ड्राइव्हवरून येत असू शकतं. तो उपटला तर सीडीजे शेवटच्या काही मात्रांचा आपत्कालीन लूप फिरवत राहतो आणि सगळा फ्लोअर तुमच्याकडे बघतो. त्याचं शेवटचं गाणं पूर्ण होऊ द्या, त्याच्याच वेगावरून पुढे न्या. मास्टरला हात लावू नका, बूथचा आवाज हवा तसा करा.

दुसरं, मिक्स कधीही समोरच्या मोठ्या स्पीकरच्या भरवशावर करू नका. आवाजाला एक मीटर यायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. सिस्टीम बूथपासून १० मीटरवर असेल तर किक ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येते आणि तुम्ही हेडफोनमधलं गाणं तितकंच मागे नेऊन ठेवता. हेडफोनमध्ये क्यू-मिक्स (दोन्ही गाण्यांचं प्रमाण ठरवणारा नॉब) मधोमध ठेवून दोन्ही गाणी तिथेच जुळवा, नाहीतर बूथ मॉनिटर जवळ घ्या.

नवोदिताला पहिला स्लॉट नऊ ते अकराचाच मिळतो. जागा रिकामी असते, लोक जेवत-बोलत असतात. तेव्हा ११५-१२० वर, गायकी कमी, बेस मऊ असं ठेवा आणि रात्रीची मोठी गाणी पुढच्यासाठी सोडा. हा वॉर्म-अप नीट सांभाळणारा माणूस क्लब पुन्हा बोलावतो, कारण तो सांभाळणारे फार थोडे आहेत. मागणीसाठी ३०-४० मिनिटांचा एकच स्वच्छ मिक्स पाठवा, तोही त्या क्लबच्या त्या वारच्या संगीताला धरून.

---

मांडवी_काठ

कानांचं कुणी बोललं नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची सुरक्षित मर्यादा धरली जाते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलचीच कमाल मर्यादा सुचवली. बूथमध्ये त्याहून जास्त सहज होतो. फिल्टरवाले इअरप्लग पहिल्या दिवसापासून घ्या, फोमचे नकोत, फोम वरचे स्वर जास्त खातो आणि मग तुम्ही हाय वाढवत बसता. रात्र सरताना बूथचा आवाज वाढवावासा वाटतो ती कान थकल्याची खूण, तेव्हा उलट कमी करा.

आणि उघड्यावरच्या गिगबद्दल: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे. राज्य सरकार वर्षातले १५ दिवसांपर्यंत रात्री १२ पर्यंतची सवलत देऊ शकतं. तेव्हा टेरेसवर बोलावलं तर तुमचा सेट दहाच्या आत संपतोय की नाही ते आधी विचारा. पाळोळेच्या हेडफोन पार्ट्या याच नियमामुळे रुजल्या. पीपीएल आणि आयपीआरएसचे (गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्था) परवाने काढणं सहसा जागेवाल्याचं काम, पण खाजगी कार्यक्रमात आयोजक ते तुमच्या गळ्यात घालू शकतो. फोनवर नाही, मेसेजवर लिहून घ्या.

---

पर्वतीपायथा

फारच उपयोगी, सगळं वहीत उतरवून घेतोय. शेवटचा प्रश्न: हेडफोनची पिन ३.५ मिमी आहे, क्लबच्या मिक्सरला चालेल का?

---

मिक्सरकाका

मिक्सरवर मोठं, ६.३ मिमीचं भोक असतं. नव्या मिक्सरांवर लहानही मिळतं, पण त्यावर विसंबू नका. स्क्रूने बसणारं अ‍ॅडॉप्टर हेडफोनला कायमचं लावून ठेवा, नुसतं खोचायचं निम्म्या वेळा मिक्सरमध्येच अडकून राहतं. दुसरं पेन ड्राइव्हच्या पाकिटात टाका. वायर गुंडाळीची, ताणल्यावर दीड-दोन मीटर होणारी घ्या, नाहीतर दुसऱ्या प्लेअरकडे वाकताना पिन ओढली जाते आणि नेमका मिक्सच्या वेळी एका कानाचा आवाज जातो.